पाणी कुठवर येत होतं

लुसान्वे, १४ फेब्रुवारी

प्रिय सेंगा,

गुडघे टेकून नमस्कार. सेंगापुढे, बापाच्या बहिणीपुढे, भाचीनं टेकायचेच; कागदावर टेकता येत नाहीत, पण टेकले आहेत असं समज.

बातमी सांगते, आधी खाली बस. माझी बदली झाली. कुठे? लुसान्वेला! नगररचना अधिकारी म्हणून. ज्या नगरपालिकेच्या बुलडोझरनं आपलं घर पाडलं त्याच नगरपालिकेत आता माझं टेबल आहे, आणि खिडकीतून दिसतं काय, तर किबिरांगोचं हॉटेल. आपल्या अळकुड्यांच्या वाफ्यांवर त्यानं पोहण्याचा तलाव केलाय. बाबांची खाट असायची तिथे मोटारी लागतात. पहिल्या दिवशी ते बघितलं आणि दुपारचा डबा तसाच घरी परत नेला.

तेव्हा तो नगराध्यक्ष होता. 'पाणथळ जमीन वाचवा, शाश्वत विकास साधा' असा फलक त्यानं आपल्या कुंपणाला ठोकला होता. मी शाळेत होते. 'शाश्वत' हा शब्द मी त्या फलकावरून शिकले, बघ. आपल्याला उठवलं आणि पुढचा पाऊस यायच्या आत त्यानं तिथे मुरमाचा भराव टाकला, नकाशावरचा हिरवा रंग पुसून 'पर्यटन क्षेत्र' करून घेतलं आणि जागा स्वतःच्या नावावर केली. कुंपणानंच शेत खाल्लं. बाबांना ते सोसलं नाही, वर्षाच्या आत गेले.

आता शहराचा नवा विकास आराखडा करायचाय आणि तो माझ्या हातात आहे. नवा नियम असा आहे, की भराव टाकलेला असला तरी मुळात पाणी जिथवर येत होतं तिथवरची जमीन पाणथळच धरायची. तिच्यावरचं बांधकाम पाडायचं, मग ते कुणाचंही असो. ती हद्द दाखवणारी पूररेषा मी काढणार. सेंगा, मी त्याला सोडणार नाही. कायद्यानंच मारणार, म्हणजे तोंडातून ब्रसुद्धा निघायचा नाही.

फोन करत नाही, कारण तुझा फोन काका उचलतात आणि मग सगळ्या बुतान्झाला कळतं. ही चिठ्ठी टॅक्सीवाल्या काटोच्या हाती देतेय.

तुझी,
प्रोसी

•

बुतान्झा, २ मार्च

पोरी,

पत्र वाचून वाचून घडीवर फाटलं. मिशनच्या बायांनी मला लिहायला शिकवलं ते आजच्यासाठीच, असं वाटलं. तुझ्या काकांना सांगितलंय की तुझ्याकडे मका महागलाय म्हणून लिहिलंस.

तुझं ते शाश्वत बिश्वत मला कळत नाही. माझ्या माहितीत एकच गोष्ट शाश्वत आहे, ती म्हणजे डूख. माझा भाऊ कुठे पुरलाय? इथे, माझ्या नवऱ्याच्या केळीच्या बागेत! बहिणीच्या सासरच्या मातीत पाहुण्यासारखा पडलाय लाझारो. आपल्यात भिकाऱ्यालासुद्धा आपल्या माणसांत माती मिळते गं. माझे दीर त्याच्या थडग्यावरून जाताना बोलता बोलता गप्प होतात. एकदा वहाण फेकून मारली होती मी एकाला.

म्हणूनच मी त्याचं ओलुम्बे, मेल्यामागचा शेवटचा विधी, होऊ दिलं नाही. सगळे मागे लागलेत, की तेओपिस्ता, मरण किती वर्षं घरात ठेवशील, बाहेर काढ, वारस बसव. तुझ्या भावाचं, दामिआनोचं, लग्नाचं वय निघून चाललं. वारसाची वस्त्रं अंगावर पडल्याशिवाय त्याला घरचा कर्ता कोण म्हणणार? मला सगळं दिसतं. पण मरण जिथून आत आलं तिथूनच बाहेर काढायचं. लाझारोच्या अंगणात. किबिरांगोच्या भिंती पडतील त्या दिवशी.

तेव्हा काढ ती रेषा. त्याच्या पलंगाखालून काढ. आपलं अंगण तेवढं बाहेर ठेव, त्या कोपऱ्यावरून जरा वळवून ने. नकाशा तुझा, पेन्सिल तुझी, मग घोडं कुठं अडलंय?

भाजलेल्या शेंगा पाठवल्यात. पुडी फुटलेली दिसली तर काटोला जाब विचार.

तुझी सेंगा

•

लुसान्वे, २६ एप्रिल

प्रिय सेंगा,

मोजणी झाली. हॉटेलच्या जागेत भोकं पाडून माती काढली. वर मुरूम आणि खाली काळा चिखल, त्यात पपायरसची मुळं. हॉटेल सगळंच्या सगळं रेषेच्या आत येतं. तलाव, लग्नाची हिरवळ, झाडून सगळं. केळ्याची दारू गाळायची असेल तर गाळ.

आता दुसरं सांगते, ते शांतपणे वाच. आपलं अंगणही आत येतं. पेन्सिल माझी आहे, पण चिखल माझा नाही. बाबांच्या खोलीच्या जागीही तीच मुळं निघाली. रेषा तिथे वळवली तर त्याचा वकील पहिला प्रश्न हाच विचारील, की बाई, नेमकी तुमच्या बापाच्या दारात कशी वळली? मग सगळी रेषाच खोटी ठरेल आणि तो मिशीला पीळ देत घरी जाईल. म्हणजे त्यानं आपल्याला जे खोटेपणानं सांगितलं ते मुळात खरं होतं. तिथे कुणीच राहायला नको होतं, आपणही नको आणि तोही नको. हे लिहिताना माझ्या अंगाची लाही होतेय.

त्यानं हरकत घेतलीय. त्याचा इंजिनिअर म्हणतो, चिखल आहे, पण तो खापरपणजोबांच्या काळातला आहे, हयातीतल्या कुणी तिथे पाणी पाहिलेलं नाही. सुनावणीला राजधानीहून मंडळ येणार आहे. ते म्हणतात, पाणी डोळ्यांनी पाहिलेलं माणूस आणा. आपल्या वेळचे शेजारी आता कुठे आहेत? निम्मे मेले आणि उरलेले त्याच्या हॉटेलात भांडी घासतात. राहिलीस तू.

तुझ्यापासून लपवून ठेवत नाही. बाबांच्या मागे तू कोर्टात दावा लावलायस, की आमची जमीन कोरडी होती आणि आम्हाला बेकायदा उठवलं. पाणी होतं असं तू शपथेवर सांगितलंस की तो दावा मेला. अंगण कायमचं गेलं. त्याचं हॉटेल पाडायला आपलं अंगण द्यावं लागेल, दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

मला सुनावणीत बसू देणार नाहीत. अधिकारीबाईंचं आमच्याशी जुनं वैर आहे, असं त्याच्या वकिलानं लिहून दिलंय. खोटं कुठे आहे म्हणा! परवा तो स्वतः केळीचा घड घेऊन ऑफिसात आला होता. सोन्याचा दात दाखवत म्हणाला, "लाझारोची लेक ना तू? बापासारखीच हट्टी. तोही ओल्या जमिनीत पाय रोवून बसला होता. काय झालं त्याचं?" मी शिपायाला सांगून घड त्याच्या गाडीत परत ठेववला.

येशील ना?

प्रोसी

•

बुतान्झा, ९ मे

प्रोस्कोव्हिया,

ज्या अंगणात तू रांगलीस तो तुला चिखल दिसतो? शिकून चांगले दिवे लावलेस! किबिरांगोचं खरं होतं, असं लाझारोच्या पोटची पोर स्वतःच्या अक्षरात लिहून पाठवते. ते पत्र मी चुलीत घातलं.

चार माणसांत उभी राहून, शपथ घेऊन सांगू, की माझा भाऊ नको तिथं घर बांधून बसला होता? मेलेल्याला दुसऱ्यांदा घराबाहेर काढू? मी येणार नाही. मला दोन्ही पाहिजे. त्याचं पाड आणि आमचं ठेव. तेवढं जमत नसेल तर कसली अधिकारी आणि कसलं काय!

तेओपिस्ता

•

लुसान्वे, ३ जुलै

सेंगा,

दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही. आता मला जे कळलंय ते सरळ विचारते.

काटो सांगतो, की किबिरांगोची पांढरी गाडी दुपारभर तुमच्या केळीबाहेर उभी होती. तू त्याला जेवायला वाढलंस. नंतरच्या रविवारी तू चर्चला जांभळ्या रेशमाची नवी गोमेसी घालून गेलीस, आणि काका म्हणे शेतात खुरपताना मनगटावर घड्याळ मिरवतात. इथे किबिरांगो गावभर सांगत सुटलाय, की लाझारोची बहीण येतेय, पण माझ्या बाजूनं.

काय विकलंस, सेंगा? बाबांना विकलंस? मला रात्र रात्र जवळ घेऊन तूच सांगायचीस, की हा माणूस विसरू नकोस. मी नाही विसरले. मी लग्न केलं नाही, चांगल्या शहरातली नोकरी सोडली आणि मागून ही बदली घेतली. आणि तू एका गोमेसीवर पाघळलीस?

मंगळवारी सुनावणी आहे. तू त्याच्या बाजूनं बोललीस तर मला सेंगा नाही असं मी समजेन.

प्रोस्कोव्हिया

•

बुतान्झा, १९ जुलै

पोरी,

काय विकलंस म्हणे! समोर असतीस तर थोबाड रंगवलं असतं. असो, तेही बघू कधीतरी. बदली तू मागून घेतलीस, हे मला आधी का नाही सांगितलंस?

हो, आला होता तो. दारात उभा राहिला आणि माझे गुडघे आपसूक टेकले गेले. जन्माची खोड, पुरुष दारात आला की बाई खाली. त्याच्या बुटांसमोर बसले आणि मनातल्या मनात माझ्याच गुडघ्यांना शिव्या घातल्या. जेवायला वाढलं, कारण आल्यागेल्याला उपाशी पाठवायची आपली रीत नाही. कालवणात थुंकावंसं वाटलं होतं, पण भांडं माझं होतं.

जेवून हात धुतले आणि म्हणाला, "ताई, झालं गेलं विसरा. तुमच्या भावाचं अंगण तुम्हाला लिहून देतो. त्याला तिकडे आणा, तुमच्या हातानं पुरा, तिथेच ओलुम्बे करा. मांडव माझा, बैल माझा. फक्त एवढंच सांगा, की पाणी लांब होतं."

प्रोसी, मला रडू आलं. इतकी वर्षं जे मागत होते ते यानं ताटात वाढून आणलं होतं. मी हो म्हटलं. खरंच हो म्हटलं! गोमेसी घेतली, घड्याळ घेतलं. म्हणूनच तुला लिहिलं नाही, काय लिहिणार होते?

मग लाझारोच्या थडग्यापाशी जाऊन बसले. म्हटलं, चल बाबा, घरी जायचं. आणि तेवढ्यात मनात आलं, की हा घरी जाईल आणि शेजारी कोण असेल, तर किबिरांगो. याच्या डोक्याशी लग्नाची वरात नाचेल. तो सोन्याचा दात दाखवत पाव्हण्यांना सांगेल, ते बघा, मी किती मोठ्या मनाचा, म्हातारीला जागा दिली. माझं पित्त खवळलं. मला अंगण हवं होतं, नाही असं नाही. पण त्याचं वाटोळं त्याहून जास्त हवं होतं. अंगणाचं नाव मी उगीच पुढे करत होते.

तीच जांभळी गोमेसी घालून सुनावणीला गेले. त्यानं मला पुढची खुर्ची धरून ठेवली होती. त्याचा वकील लोण्यासारखा मऊ. म्हणाला, "आजी, पाणी तुमच्या घरापासून चांगलं लांब होतं ना?" मी उभी राहिले. मंडळापुढे नाही की त्याच्यापुढे नाही, गुडघे कुणापुढेच टेकले नाहीत.

म्हटलं, "लांब? अहो, पावसाळ्यात आम्ही चुलीपाशी बसून मासे धरायचो. पातेल्यात बेडूक पडू नयेत म्हणून माझी वहिनी झाकणावर दगड ठेवायची. माझ्या भावाचं घर दलदलीतच होतं. तिथं बांधलं ही आमचीच चूक. आम्हाला उठवलं ते बरोबरच केलं. आता तेच बरोबर काम यांच्याही दारात करा."

लाझारोला मी दुसऱ्यांदा बाहेर काढलं, शपथेवर, आणि पोटात तुटलं गं. पण समोर किबिरांगोचं तोंड बघितलं आणि ते तुटणंही गोड लागलं. तो ताडकन उठला आणि ओरडला, "खोटारडी म्हातारी! मी दिलेलं कापड अंगावर घालून उलटतेस?" झालं! लाच दिल्याचं त्यानं स्वतःच्या तोंडानं सगळ्यांसमोर सांगितलं. मी म्हटलं, "कापड चांगलं आहे हो. एकदा धुतलं की तुमचा वास जाईल." लोक बाकं बडवून हसले. मागे भांडी घासणाऱ्या बाया होत्या, त्या सगळ्यांत जास्त.

मंडळात एक चष्मेवाली बाई होती. तिनं विचारलं, दावा मागे घेता? मी सही करून दिली. ती शेजारच्याला म्हणाली, जी बाई स्वतःचं अंगण सोडते ती खोटं कशाला बोलेल! मग मला विचारलं, पाणी जास्तीत जास्त कुठवर येत होतं? तिथल्या खिडकीतून टेकाडावरचं त्याचं राहतं घर दिसत होतं, लाल कौलांचं, नवंकोरं. मी हात लांब केला आणि सांगितलं, "तिथवर. त्या लाल कौलांपर्यंत."

तिथवर कधी आलं होतं का? आलं असेल एखाद्या वर्षी. नसेलही. पण घर त्याचं आहे ना! बाईनं लिहून घेतलं. हॉटेल जाऊ दे आणि घरही जाऊ दे, अंथरूण पाठीवर घेऊन फिरणं काय असतं ते त्यालाही कळू दे.

आता ओलुम्बे करू, इथेच, माझ्या नवऱ्याच्या केळीत. दामिआनोला निरोप पाठव. आणि तू नवी वहाण घेऊन ये, माझी तुटली.

तुझी सेंगा

•

लुसान्वे, ३० सप्टेंबर

प्रिय सेंगा,

गुडघे टेकून, आणि या वेळी खरोखरच टेकून. गोमेसीवरून बोलले त्याची माफी कर. येईन तेव्हा थोबाड पुढे करते.

हॉटेल पडलं. मी समोरच्या रस्त्यावर उभी होते. आधी हिरवळीवरच्या मांडवाचं छत गेलं, मग भिंती. तलाव फुटला तेव्हा पाणी सरळ खाली पपायरसकडे धावत गेलं. किबिरांगो रस्त्याच्या कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून होता आणि माणसं त्याला वळसा घालून जात होती. ओळख दाखवायलाही कुणी थांबलं नाही. मला इतकं बरं वाटलं, की भाजलेली केळी विकत घेऊन मी तिथेच उभ्यानं खाल्ली, त्याच्या समोर, सावकाश. दुसऱ्या आठवड्यात लाल कौलांचं घरही पाडलं. त्याच्या बायकोनं पडदे स्वतः काढून नेले.

पण सेंगा, हॉटेलपासून लाल कौलांपर्यंत जाणारी रेषा हवेतून जात नाही. मधल्या उतारावर पत्र्याच्या खोल्यांची रांग आहे. खिडकीतून ती तुला दिसली नसेल, झाडीच्या आड आहे. धोबी, मासळीवाल्या, मोटारसायकलवरून भाडी नेणारे, असे लोक राहतात तिथे. माझ्या रेषेत ते नव्हते. मी तिथेही भोकं पाडली होती आणि खालपर्यंत लाल कोरडी माती लागली होती. तू हात लांब केलास आणि ते सगळे आत आले.

मंडळाचा निकाल आला त्या दिवशी मी त्यांना लिहायला बसले होते, की वरच्या बाजूला साक्षीत काही चूक झाली असावी. मग वाटलं, तुझं एक खोटं निघालं तर बाकीचं खरंही त्याच्याबरोबर वाहून जाईल. त्याचा वकील टपलेलाच होता आणि हॉटेल तेव्हा अजून उभं होतं. मी तो कागद फाडला. तुझ्यावर ढकलत नाही. तू बोट दाखवलंस आणि मी मुकाट बसले. पोटात सूडच होता, दोघींच्याही.

काल त्या खोल्यांच्या दारांवर लाल फुल्या मारायच्या होत्या. माणसं पाठवता आली असती, पण लाज वाटली, म्हणून स्वतः गेले. सुक्याबरोबर ओलंही जळतं, असं वाटेत स्वतःला समजावत होते. लोकांनी शिव्या दिल्या. एकानं डबा फेकला, तो लागला नाही.

शेवटच्या खोलीपुढे एक बाई केळी सोलत बसली होती. फुली मारली तरी ती सोलतच राहिली. तिची नणंद आतून हात पुसत बाहेर आली, माझ्याएवढीच असेल. तिनं दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. भांडली नाही. म्हणाली, "बाई, तुमचं नाव काय?" मी सांगितलं. "पुरं सांगा. बापाचं नाव?" लाझारो सेम्पिरा. "गाव?" तेही सांगितलं. तिनं ते सगळं तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं आणि परत आत गेली.

आतून त्या घरची पोरं तिला हाका मारत होती. सेंगा, सेंगा, कोण आलंय गं?

तुझी,
प्रोसी